शांततेला लावलेली सेफ्टी पिन

...आणि वर म्हणतात, बाई, अक्षर छान आहे तुमचं, तुम्हीच लिहा. तुम्हाला सांगते, मॅट्रिक झाले हीच चूक झाली माझी.

कासारवाडी स्टेशनच्या पलीकडे, तीन गावांच्या शिवेवर, आमच्या कामगारांच्या खोल्या. नळ एक, पाणी सात ते साडेआठ, आणि गावच्या बायका म्हणणार, आधी आम्ही, उपऱ्यांनी मागून. मागून म्हणजे नळाची नुसती फुसफुस... घरात पाच महिन्यांचं मूल, लंगोटांचा ढीग, करायचं काय? एके दिवशी हंडे आपटले, एकीचं कपाळ फुटलं, तेव्हा कुठे तिन्ही पंचायतींनी मिळून मंडळ काढलं. उद्धवराव गुरुजी पेपर वाचणारे. म्हणाले, "राष्ट्रं असंच करतात. एक शांतता समिती, एक हक्क समिती." दोन्ही समित्या शाळेच्या एकाच वर्गात, पाठीला पाठ लावून, मधे मी, मांडीवर मूल. माझं काय, मी लिहून घेणारी.

शांतता समितीचे दत्तोबा सरपंच म्हणाले, "ल्ह्या बाई, खोल्यांतल्या बायांची कायबी तक्रार न्हाई. सह्या घ्या, मिटलं भांडान." लिहिलं. मागून हक्क समिती म्हणाली, लेखी तक्रार असल्याशिवाय हक्क देता येत नाही. तेही लिहिलं. दोन्ही कागद घेऊन गेले शेजारच्या रोशनबीकडे, अंगठा मागायला. ती म्हणाली,

"तक्रार नाही म्हणून अंगठा दिला, तर पाणी कशाच्या जोरावर मागू, भाभी? आन् पाणी नाही मिळालं तर उद्या हंडा आपटणारच की."

हे मला, मॅट्रिकला, सुचलं नव्हतं.

मग मी काय केलं... बाळाच्या लंगोटाची सेफ्टी पिन काढली, दोन्ही कागद एकत्र टाचले आणि खाली लिहिलं, 'जो आधी येईल त्याला आधी पाणी. हे पाळलं तर तक्रार नाही.' आणि नेऊन मंडळापुढे ठेवलं.

"ह्ये टाचलंय कुनी?" दत्तोबा म्हणाले.

"माझं काय, मी लिहून घेणारी."

गुरुजींनी चष्मा पुसला. पिन काढायचा अधिकार कुठल्या समितीचा, हे दुपारपर्यंत ठरेना, म्हणून ठराव टाचलेलाच मंजूर झाला.

आता नळावर रांग आहे, सरपंचांच्या सावित्रीबाईसुद्धा रांगेत. फक्त, समित्या एकत्र टाचल्या गेल्यामुळे बैठकही एकत्रच, रोज, देखरेखीसाठी, सात ते साडेआठ. मी तिथे, मांडीवर मूल, लंगोटाला गाठ. माझा हंडा रोशनबी भरते. तिला लिहिता येत नाही ना, ती मोकळी असते.