खिंडीत ओ देणारं कोण?

ऐका. आणि ती दाराची कडी घाला कुणीतरी.

वरच्या आळीतली हौसाक्का. तिची म्हैस मोरी, दिवस भरलेली, दिवेलागण झाली तरी घरी नाही. नवरा म्हणाला, "सकाळी बघू."

"सकाळी बिबट्यानं काय ठेवलं तर बघाल," असं म्हणून अक्का कंदील घेऊन एकटीच खिंडीकडं निघाली.

खिंड ठाऊक आहे ना? दोन्हीकडं उभे कडे. एक खोकला तर चौघं खोकतात.

आत शिरली, तर मोरीच्या गळ्यातली घंटा वाजली. उजवीकडं. अक्का उजवीकडं गेली. घंटा डावीकडं. डावीकडं गेली, तर घंटा मागं. तेवढ्यात वाऱ्यानं कंदील विझला. "मोरेऽ," अक्कानं हाक मारली. कडे म्हणाले, मोरे, मोरे, मोरे. आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी म्हणालं, "ओ."

आता म्हैस कधी ओ देती का? चकवा होता तो. अक्कानं विझलेला कंदील छातीशी धरला.

मग नवऱ्याचा आवाज आला, चारी बाजूंनी एकदम. "हौसे, म्हैस गावली. इकडं ये, चहा टाकलाय."

इथं अक्काची भीती निम्मी गेली. त्या माणसानं जन्मात चुलीवर पाणी ठेवलं नव्हतं. "मेल्या," ती म्हणाली, "नक्कल करायची तर आधी घर तरी बघून यायचं."

चकवा चिडला. घंटा काय, रेडकाचं ओरडणं काय, मेलेल्या सासूचा खोकला काय, सगळी खिंड वाजायला लागली. अक्का खाली बसली. एका कानात बोट घातलं, दुसरा कान भुईला लावला. वरचा कालवा वरच राहिला. भुईतनं आलं, धप्प. धप्प. भुताचा पाय भुईला टेकत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणजे ही मोरीच.

मग थोडं रांगायचं, कान लावायचं. धप्प मोठं झालं तर पुढं, बारीक झालं तर माघारी. असं करत करत हात म्हशीच्या खुराला लागला. दावं करवंदीच्या जाळीत अडकलेलं, म्हणून बिचारी पाय आपटत होती. अक्कानं दावं सोडवलं, शेपूट धरलं आणि म्हणाली, "चल बाई, आता तूच ने."

सकाळी माणसं बघायला गेली. चहाला म्हणून अक्का चार पावलं पुढं गेली असती, तर तिथं सरळ तुटलेला कडा, खाली दरी.

पण अक्काला विचारलं तर ती वेगळंच सांगायची. खिंडीच्या तोंडाशी आल्यावर म्हणे शेवटची हाक आली. हळूच. "अक्का, मला पण ने की. हितं लई एकटं वाटतं." आणि ही हाक चारीकडनं नाही आली. एकाच बाजूनं आली, अगदी मानेजवळनं.

अक्कानं मागं बघितलं नाही. तुम्ही तर त्या वाटेला जाऊच नका.