मधली पाच वर्षं

सुपरहिरोंचं नाव काढू नका, माझं डोकं फिरतं. शनिवार पेठेतल्या एका कॉमिकच्या संपादकांसाठी मी गोष्ट लिहिली होती. निम्मं जग एका क्षणात गायब होतं, पुढच्याच चौकटीत 'पाच वर्षांनंतर', आणि सुपरहिरो सगळ्यांना परत आणतो. चौकटींत अक्षरं भरायचं काम खडकीच्या नसरीनताईंकडे होतं. त्यांचा भाऊ सहा वर्षांपूर्वी कामाला म्हणून बाहेर पडला, तो परतलाच नाही. मला हे ठाऊक होतं, तरी मी ते लिहिलं.

ताई पान घेऊन थेट संपादकांसमोर उभ्या राहिल्या. "हे मी भरणार नाही. मधली पाच वर्षं कुठे गेली?"

"अहो, वाचकांना हाणामारी हवी असते. रडगाणं कोण वाचणार?"

"रडगाणं? अब्बा अजून दर महिन्याला त्याचा नंबर रिचार्ज करतात. पोलीस चौकीत गेलं की तिथले विचारतात, कुणाबरोबर पळाला असेल का. हे सगळं दोन शब्दांत उरकू?"

मीच म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. मधली वर्षं लिहितो मी. तुम्ही सांगाल?"

"सांगते," त्या कडाडल्या, "पण आधी बसायला खुर्ची द्या. उभं ठेवून चौकीतही विचारतात."