पाच दिवस शून्य पावलं

— अहो, तो हात आधी मागे घ्या. मी पडणार नाहीये. एका पायावर उभं राहा म्हणालात, राहिले. आता तुम्ही असा हात पुढे धरून उभ्या राहिलात तर मलाच वाटायला लागेल की मी खिळ्यावरनं निसटत आलेलं कॅलेंडर आहे. मोजा तुमचं घड्याळ. झाले दहा? दहाच सेकंद पुरतात तुमच्या कंपनीला? शहात्तरीच्या बाईनं दहा सेकंद काढले म्हणजे ‘उत्तम’ — कुणी ठरवलं हे? मी रोज सकाळी दूध तापेपर्यंत गॅसपुढे एका पायावर उभी असते. सोमवारी डावा, मंगळवारी उजवा. बघा, बोलतेय तरी हललेय का? ठेवू खाली? ठेवते. तुम्ही घाबरलात म्हणून ठेवतेय, दमले म्हणून नाही. तसं लिहा.

नाव काय म्हणालात — दीपमाला. मी तू म्हणते हं, माझ्या नातीहून दोनचार वर्षांनीच मोठी असशील. आणि मघाशी दारात ‘हो जी’ म्हणालीस तेव्हाच ओळखलं, वऱ्हाडातली ना? यवतमाळ. बरं. तर दीपमाला, तू कंपनीची फिजिओथेरपिस्ट, माझ्या मुलानं — यज्ञेश्वरनं — तिकडे न्यू जर्सीत बसून तुमच्याकडे माझं नाव घातलं, आणि आज तुला पाठवलं, ‘आईंचा तोल जातोय का बघा’ म्हणून. एवढं मला कळलं. तोल! मला न विचारता. म्हणजे मला विचारायला फोन करावा लागला असता, तो नाही केला. तुम्हाला केला. असू दे. पुढचं काय? खुर्चीतून उठबस, हात न लावता, तीस सेकंद. ही खुर्ची नको, ही यज्ञेश आला की त्याच्यासाठी काढते, हलते जरा. ती लाकडी घे. हं — मोज — एक — दोन — तू मोज गं, मीच काय मोजू — सतरा? सतराच? अठरावी अर्धी झाली होती. अर्धी धरत नाहीत? बरं, सतरा लिही.

आता जमिनीवर. तुझ्या कागदावर नाही ते? नसू दे, मी दाखवते. हे बसले मांडी घालून आणि — हात बघ, हात हवेत — ही उठले. तुला जमतं का? बघ करून. लाजू नकोस, दार लोटलेलं आहे. — टेकलास हात! सव्विसाव्या वर्षी! अगं, खुर्चीत शिकता, खुर्चीत जेवता, तुमच्या त्या बाणेरच्या काचेच्या ऑफिसात बारा तास खुर्चीत, गुडघ्यानं वाकायचं कधी? यज्ञेशनं मागल्या खेपेला हट्ट धरला होता, आई, कमोड बसवून घेऊ. म्हटलं, हात लावू नकोस माझ्या संडासाला. उकिडवं बसणं गेलं की माणूस गेलं. सुनेला वाईट वाटलं. तिला चार दिवस त्रास झाला, हे खरं. भाजीसुद्धा मी विळीवर चिरते. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसातनं तीनदा वर-खाली. कुणी सांगितलं नाही मला हे, डॉक्टरनं नाही, तुमच्या टीव्हीवरच्या बाबानं तर नाहीच.

वाचलं मी. इथंच, नारायण पेठेत, बाइंडिंगच्या कारखान्यात. सातवीनंतर शाळा बंद, आणि हे गेल्यावर एकोणीस वर्षं मी पुस्तकांचे फॉर्मे मोडले. फॉर्मा मोडणं म्हणजे — छापलेला मोठा ताव येतो, त्याच्या घड्या घालायच्या, की सोळा पानं लागतात ओळीनं. घडी घालता घालता वाचायचं. मालक ओरडायचा, ‘बाई, हात चालवा, डोळे नको.’ मी म्हणायची, ‘डोळ्यांचा पगार मागतेय का?’ तर एकदा डॉक्टरकीच्या मुलांचं पुस्तक आलं, हाडं आणि स्नायू. माझ्या वाट्याला कंबर ते पाऊल. खांदे आणि मान सीतारामच्या टेबलावर, आणि तो देईना! म्हणून बघ, माझे पाय असे आहेत आणि मान अजून दुखते. — हसलीस! हस हस. दात चांगले आहेत तुझे. मग जेवणाच्या सुट्टीत मी सीतारामला माझ्या डब्यातली भाजी दिली आणि मान वाचून काढली, पण तोवर निम्मी शिवायला गेली होती.

नाडी? बघ की. — गार आहे हात तुझा. बाहेर वारं सुटलंय का? — हं. — नाही, बघ तू, बघ सावकाश. घाई कसली. मी गप्प बसते, बोललं की नाडी चुकते ना. — झालं? एवढ्यात? डॉक्टर पूर्ण मिनिट धरायचे. तुमचं सगळं पंधरा सेकंद गुणिले चार.

काय? — शून्य? — हो, ते. त्यासाठीच पाठवलंय ना तुला. पाच दिवस शून्य पावलं. कागदावर छापूनच आणलंयस की. रोज सात हजार, आठ हजार, आणि गेल्या बुधवारपासून शून्य, शून्य, शून्य. म्हणजे म्हातारी आडवी झाली. तसं काही नाही. पट्टा भिजला होता. — भिजला तरी चालतो? असेल. मग चार्जिंग संपलं असेल. — चार्जिंग दिसतं तुमच्यात? हे बरंय, माझ्या मनगटावरच्या पट्ट्यात किती जीव उरलाय ते बाणेरला दिसतं, न्यू जर्सीला दिसतं, फक्त मी दिसत नाही.

थांब, पाणी पिते.

तो पट्टा कोनाड्यात आहे. फोनशेजारी. बुधवारी सकाळी मीच काढून ठेवला. चालणं नाही सोडलं मी, पट्टा सोडला! चालणं सोडून मरायचंय का मला? रोज जातेय — लकडी पुलाखालनं नदीच्या कडेनं, झेड ब्रिजपर्यंत आणि परत. बापूरावांना विचार, खालच्या मजल्यावरचे, ते तिथल्या कठड्यावर बसलेले असतात. ते चालत नाहीत, बसतात, आणि मला म्हणतात, ‘काय वहिनी, ऑलिम्पिक का?’ मी म्हणते, ‘नाही, तुमच्या वाटणीचं चालतेय.’

का काढला? — तू फारच विचारतेस. कागदावर आहे का हा प्रश्न? नाही ना?

हे बघ. यज्ञेश गेला नव्याण्णव साली. दोन हजार उजाडलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, म्हणून पोरांना विमानं भरभरून नेलं तेव्हा, आठवत नसेल तुला. सहा महिन्यांचं काम. कॉम्प्युटर एकही बंद पडला नाही, आणि पोरगा परत आला नाही. माझी तक्रार नाही हं, नीट ऐक. मीच धाडला. पण रविवारी संध्याकाळी सातला फोन. बावीस वर्षं. एक रविवार चुकला नाही, माझी नात, कादंबरी, झाली त्या दिवशीसुद्धा हॉस्पिटलातनं केला होता. काय बोलायचो? काही नाही गं. जेवलास का, बर्फ पडलं का, जिन्यातला दिवा गेला होता तो आला. पण सात वाजायच्या आधी मी साडी बदलायची. फोनवर दिसत नाही माहितेय मला. तरी.

मग तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आला आणि हा पट्टा बांधला मनगटावर. ‘आई, आता मला काळजी नाही. तू किती चाललीस, किती झोपलीस, सगळं मला तिथं दिसणार.’ मी काय खूश! पेठेत सगळ्यांना दाखवला. चालायची पण कशी — आठ हजार झाले नाहीत तर घरात येरझाऱ्या घालायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कारण तो बघतोय. आणि फोन — पंधरा दिवसांनी झाला. मग महिन्यानं. मग नुसता अंगठा. तो पिवळा अंगठा येतो ना मोबाइलवर, तो. इतका शिकवला आणि शेवटी अंगठा उठवतो! मी विचारलं एकदा, का रे फोन नाही? तर म्हणे, ‘अगं, मी रोज बघतो ना तुझे आकडे. छान चाललंय की तुझं.’

छान चाललंय माझं. चुकलं ते इथंच.

गेल्या पावसाळ्यात ताप आला. सांधे असे धरले की पाण्याचा तांब्या उचलेना. तीन दिवस अंथरुणात. आणि तिसऱ्या दिवशी फोन! ‘आई, काय झालं, पावलं का नाहीत?’ चाळीस मिनिटं बोलला. चाळीस! मला ताप होता तरी मी — काय सांगू तुला — मला बरं व्हायचं नव्हतं. मी, जिनं आयुष्यात एक दिवस जास्तीचं अंथरूण धरलं नाही.

मग काय. शिकले. दिवाळीनंतर दोन दिवस पट्टा काढून ठेवला. आला फोन. बारा मिनिटं. संक्रांतीला पुन्हा काढला — चार मिनिटं, कुठल्याशा मीटिंगच्या दारात उभा होता. होळीला नुसता मेसेज, ‘पट्टा नीट बांध.’ म्हणून म्हटलं या वेळी ताणून धरू. पाच दिवस. आज घाबरेल, उद्या घाबरेल. काल तर मी फिरायलाही अर्ध्यातनं परत आले, मागे फोन वाजला तर, म्हणून. अगं, मोबाइल हातातच होता माझ्या! तरी परत आले.

आणि घाबरला, हे खरं. घाबरला म्हणून तर तुला पाठवलं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. कीव करायची असेल तर बाणेरला जाऊन कर.

काय? — काय लिहितेस? ‘तोल कमी, मुलाने आठवड्याला फोनवर लक्ष ठेवणे आवश्यक’? खोड ते. खोड म्हणते ना! माझा तोल कमी? सतरा वेळा उठले मी तुझ्यासमोर, अठरावी अर्धी. तू हात टेकलास आणि माझा तोल कमी! कळतंय मला, तू चांगुलपणानं लिहितेयस. पण मग तो येईल, वाघोलीला ती म्हाताऱ्यांची सोसायटी आहे ना, तिथं नेऊन ठेवेल, तिथं भिंतीला दांड्या धरून चालतात — ते जाऊ दे. ते मी सोसेन एकवेळ. पण मी पडायला आलेय असं वाचून त्यानं मला फोन करायचा? मला माझ्या पोराचा फोन हवाय. पेशंटला येतो तसला नको. ‘उत्तम’ लिही. माझ्यासमोर लिही. दे बघू — हं. अक्षर मात्र सुधार.

तुझा फोन वाजतोय. घे की. — कोण? —

अरे देवा. साडेसहा, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. ऑफिसला निघाला असेल, गाडीत असेल. नाही, मी नाही बोलणार. त्यानं तुला केलाय, मला नाही. मी इथं आहे हे सांगू नकोस, म्हण, बाहेर आलेय, जिन्यात आहे. अगं घे, बंद होईल! — आणि ते जोरात ऐकू येतं ना, ते बटण दाब. टेबलावर ठेव. इथं. माझ्या बाजूला.

—

ठेवला?

बराच बोलला तुझ्याशी. सगळं विचारलं, नाही? रक्तदाब, झोप, पायांना सूज. तू म्हणालीस उत्तम, तर केवढा मोठा श्वास सोडला, ऐकलास? काळजी आहे त्याला. आहे काळजी, मी कधी नाही म्हटलं? आणि शेवटी म्हणाला, ‘बाकी काही?’ तू माझ्याकडे बघितलंस. मीच हात हलवला नाही म्हणून, तर तू तरी काय करणार.

खोकला झालाय त्याला. दोनदा थांबला बोलताना. लहानपणापासनं छातीत धरतो, पण कुणाला सांगणार नाही. मी विचारलं असतं तर मला सांगितलं असतं — असतं बहुतेक.

हं. आवर तुझं सामान. पुन्हा कधी येणार? — काय? उत्तम असेल तर सहा महिन्यांनी? आणि तोल कमी असता तर? — दर आठवड्याला.

असं.

नाही नाही. लिहिलंस ते लिहिलंस. आता खोडायचं नाही. मी कोण, माझे पाय कसे, ते कंपनीला कळलेलं बरं. निघ तू. अंधार पडायच्या आत बस मिळेल डेक्कनवरनं. आणि रोज दहा वेळा जमिनीवरनं उठत जा, हात न लावता, ऐकलंस? — अगं, उभी काय राहिलीस? निघ म्हणते ना. दार तू ओढून घे. मी नाही उठत आता.