आलाबाशला आजार कुणाचा?

...आणि वर मलाच विचारत होते, "जुमाकादिर, गाय कशी आहे?" अहो, कशी असणार! शुक्रवारी कत्तलखान्याची गाडी येणार हे तिला सोडून अख्ख्या गावाला ठाऊक, आणि आमची आलाबाश उभी आपली रवंथ करत!

तुम्हाला सांगतो, ढोरांचा डॉक्टर सागिनबेक आला, काचेवर तिच्या रक्ताचा थेंब, त्यात गुलाबी औषधाचा थेंब, हलवलं... आणि दाणे धरले की हो! "दादा, ब्रुसेला. दुधातून माणसालाही लागतो. गाय जाणार." म्हटलं, अरे, ना ताप, ना गाभडली, आणि माझा नातू हिच्याच दुधावर! "नियम आहे, दादा." हातापाया पडलो, तेव्हा कुठे दुसऱ्या तपासणीला रक्त शहरात गेलं. तेव्हापासून घरात सुतक! बायको बुरुलचा सारखी नातवाचं कपाळ चाचपतेय, मला घास गिळेना, रस्त्यावर कुठलीही गाडी घुरघुरली की मी धावत दाराशी... आणि गाय? रवंथ!

गुरुवारी सागिनबेक धापा टाकत आला. "दादा, वाचली! ब्रुसेला नाहीच! भलताच जंतू, त्याच्याशी नातं ना गोतं, पण वरचं आवरण थेट तसंच! आपल्या गावात सगळ्यांच्या डोक्यावर पांढरा कल्पाक, तसं! रक्तातले पहारेकरी तोंड बघत नाहीत हो, टोपी बघून धरतात!"

मी रडलो! गायीच्या गळ्यात पडून रडलो! बुरुलचानं चहा ओतला, नान मोडला, सगळ्यांनी तोंडावरून तळहात फिरवून दुवा मागितली... तेवढ्यात मला, अकलेच्या कांद्याला, नसती चौकशी सुचली! "पण हा भलता जंतू आला कुठून?"

"डुकरांतून," सागिनबेक म्हणाला. "वर पाटात त्या रशियन प्रोखोरची डुकरं लोळतात, खाली त्याच पाटाचं पाणी तुमची गाय पिते..."

बुरुलचानं वाटीतल्या चहाकडे बघितलं. दुधाचा चहा. वाटी खाली ठेवली. "त्यापेक्षा ब्रुसेला बरा होता! चारचौघांत सांगता तरी आला असता!"

झालं! आता नातवाला दूध शेजारून. आलाबाश पाटाऐवजी विहिरीचं पाणी पितेय, पुन्हा तपासली, रक्त लख्ख, पण ऐकतंय कोण? विकायला काढली, गिऱ्हाईक नाही. मग काय, बादलीभर दूध उकळतो, अंगणात बसतो, एकटाच... नाही, खोटं कशाला बोलू, प्रोखोर येतो सोबतीला. अख्ख्या गावात त्यालाच काय ते चालतं! आम्ही दोघं पितो, आणि गाय बघत असते आमच्याकडे... रवंथ करत!