नूडल्स फुगायच्या आत

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही खात का नाही?" अहो, कसा खाणार? घास उतरायला घशात आधी जागा नको का? माझ्या घशात आख्खं लग्न अडकलं होतं!

तुम्हाला सांगतो, मला नुसते नूडल्स खायचे होते. रविवारची सकाळ, सिंगापुरातल्या आमच्या टोआ पायोचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांचा बाजार, आणि त्यात ल्यान मावशीचा गाळा. वाडगाभर कोरडे नूडल्स, वर डुकराच्या मांसाच्या भाजलेल्या लाल चकत्या, शेजारी वाटीभर सुपात वॉन्टन, म्हणजे सारण भरलेल्या मैद्याच्या पुरचुंड्या, आणि आंबवलेल्या हिरव्या मिरच्या. फार मागतोय का मी? सांगा ना!

पण सकाळी मी दात घासतोय, तर बाथरूमच्या दारात पेईशान, आमची लेक. "पा, एक सांगू? ओरडणार नाहीस ना?" आता अशी सुरुवात झाली की पुढं काही चांगलं ऐकायला मिळतं का कधी? म्हणाली, "मी आणि जुनहावनं लग्न केलंय. मागच्याच महिन्यात. नोंदणी करून." मी फेस गिळला! टूथपेस्टचा! कसंबसं विचारलं, "आईला माहितीय?" "छे! त्याच्याही आईला नाही. आज त्या भेटतायत ना तुम्हाला? मग तूच हळूच सांग. पा, तू किती गोड बोलतोस!"

मी? गोड? जन्मभर बस चालवली हो मी! माझं गोड बोलणं म्हणजे "आत सरका, आत सरका!" पण ऐकायला थांबली तर ती पेईशान कसली? गेली पळून.

आता जुनहाव, म्हणजे तिचा ठरलेला नवरा, त्याची आई कोण, तर मॅडम क्वेक. निवृत्त मुख्याध्यापिका! बोलतात तेसुद्धा शुद्धलेखन घातल्यासारखं. "व्याहीबुवा. हॉटेल. नको. तुम्ही. रोज. खाता. तिथंच. खाऊ." आणि लग्नाची तारीख काढायला काखेत पंचांग! झालेल्या लग्नाची तारीख!

बसलो. एका बाजूला मॅडम, एका बाजूला माझी बायको सिओक, मध्ये मी, आणि समोर वाफाळते नूडल्स. मी मनाशी म्हटलं, एक घास घ्यावा, मग बोलावं. चॉपस्टिक उचलली... आणि वॉन्टन सटकलं ते थेट मॅडमच्या पंचांगावर! मॅडमनी वॉन्टन उचललं, ते बाजूला ठेवलं आणि पान वाचायला लागल्या. आणि मी बघतो तर काय, पंचांग उलटं!

मी म्हटलं, "विहीणबाई, आजकालची मुलं..." सिओकला जोराचा ठसका! मॅडम घाईघाईनं, "हो ना, आजकालची मुलं!" आणि तिघांनी एकदम माना खाली घातल्या.

तेवढ्यात गाळ्यातून ल्यान मावशी, "ए! नूडल्स फुगतायत! गप्पा मारायच्या तर बागेत जा, इथं खायचं!" मावशी अशीच ओरडते, सगळ्यांवर. नाही ओरडली तर लोक विचारतात, बरं नाही का?

म्हटलं, धीर यायला मिरची खावी. आख्खी टाकली तोंडात. डोळ्यांतून घळाघळा पाणी! मॅडम म्हणतात, "असू द्या. लेकीचं लग्न म्हटलं की बापाचं असंच होतं." आणि माझं बघून सिओक रडायला लागली, खरीखुरी! आता बोला! एकाला मिरची, दुसरीला माया, तिसरीचं पंचांग उलटं, आणि मला... मला नुसते नूडल्स खायचे होते!

शेवटी डोळे मिटले, श्वास घेतला, म्हटलं, "समजा... तारीख होऊन गेली असेल तर..."

आणि धप्पकन बशी आदळली टेबलावर! तळलेली वॉन्टन! ल्यान मावशी! "घ्या, माझ्याकडून! अभिनंदन! पोरं नोंदणी करून थेट इथंच आली होती ना! पोरगी पांढऱ्या झग्यात, सॉस सांडेल म्हणून मीच तिच्या गळ्याला फडका बांधला!"

संपलं. मला वाटलं, आता सिओक कोसळणार, मॅडम उठून जाणार, आणि माझी पोर सासरच्या दारात कायमची परकी.

सिओक हळूच म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"कपडे वाळत घालताना सांगितलं तिनं. 'फक्त तुलाच सांगतेय, आई. तूच हळूच सांग, तू किती गोड बोलतेस!'"

मॅडमनी पंचांग मिटलं. "मला जुनहावनं सांगितलं. हेच. शब्दशः." आणि मग, तुम्हाला सांगतो, बाईंचा तो मुख्याध्यापिकेचा आवाजच गळून पडला. "मला झोप नव्हती हो. वाटलं, तुम्ही म्हणाल माझ्या मुलानं तुमची पोर पळवली."

सिओक म्हणाली, "आणि मला वाटत होतं, तुम्ही तिला घरात घेणार नाही."

"घेणार नाही? तिच्यासाठी माझं कपाट रिकामं करून बसलेय मी!"

दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या, हसल्या, आणि तळलेली सगळी वॉन्टन संपवली. मी वाडग्यात चॉपस्टिक घातली, तर नूडल्सचा आख्खा गोळा वर आला. वाडग्याच्या आकाराचा! मावशीच्याही नंतर, सगळ्यांत शेवटी कळलेला बाप मी, आणि मला खायला हा गोळा!

तोच मोडत होतो, तर सिओक म्हणाली, "पण तुझ्या आईला कोण सांगणार?" आमची आई! नव्वदी ओलांडलेली, नातीच्या लग्नासाठी नवे कपडे शिवून बसलेली! दोघींच्या चॉपस्टिक्स वळल्या माझ्याकडं. गाळ्यातून मावशीचा झारासुद्धा! म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. हळूच."

उद्या आणतोय तिला इथंच. सांगतो ना, सांगायलाच पाहिजे. पण तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही हो... हळूच ओरडतात तरी कसं?