घट्ट बसवलेली वात

आत्ता मी इथं उभी राहिले, पदर खोचला, झांजा हातात घेतल्या, आणि पुढच्या रांगेतून एक आवाज आला. हळूच. शेजारणीच्या कानात सांगितलेला. पण माझा कान त्या शेजारणीच्याही अलीकडे होता.

"समईत कालचीच वात आहे गो. शेंडा कातरून पुन्हा लावलीय. कापूस काय सोन्याचा झालाय?"

कोण बोललं ते मी सांगणार नाही. त्यांनी पदर तोंडाशी घेतलाय, तेवढं पुरे. आणि पुजारीबुवा, तुम्ही खांबामागं सरकू नका, तुम्हाला कुणी काही म्हणत नाही. उलट मी आभारी आहे. आज मी दुसरंच आख्यान ठरवून आले होते. विश्वासरावांनी पेटीवर त्याचा सूरही धरला होता. विश्वासराव, तो ठेवा बाजूला. आज साधा सूर द्या, घरगुती.

तर मंडळी, ऐका. प्रश्न त्या बाईंचाच आहे, मी फक्त मोठ्यानं विचारते. वात जळली, काजळली, करपली. तिचं करायचं काय? चिमट्यात धरून टाकायची? की काजळी झाडून पुन्हा तेलात सोडायची? आणि समजा पुन्हा लावली, तर ती पेटते कशानं? शास्त्रातलं उत्तर माझ्याकडं मागू नका. मी स्वयंपाकघरातून इथं आले आहे. मला गोष्ट तेवढी येते.

खाडीच्या पलीकडं नाणेवाडी म्हणून गाव. तिथं अण्णा तांबट. पस्तीस वर्षं स्टोव्ह दुरुस्त केले या माणसानं. स्टोव्ह, कंदील, गॅसबत्त्या. पंचक्रोशीतली एक वात अशी नव्हती की जिला अण्णांचा हात लागला नाही. मग घरोघर सिलिंडर आले, आणि अण्णांचं टेबल दुकानातून उठलं ते घराच्या पडवीत येऊन बसलं. अण्णाही त्याच्यामागं येऊन बसले.

बायको मथुराकाकू. देवळासाठी फुलवाती वळायच्या. दुपारी जेवणं झाली की मांडीवर ताट, ताटात कापूस. म्हणजे बघा, घरात नवरा वातीचा, बायको वातीची. एवढं असून घर अंधारात. का? ऐका.

त्यांना एकच मुलगा, सोमनाथ. सोमू. एकोणतीस वर्षांचा, बोटीवर नोकरी. आठ महिने पाण्यात, मग दोन महिने घरी. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आला, तो एक नळी घेऊन आला.

नळी कसली? तर विजेची सिगारेट. आता माना वर झाल्या बघा! बंदी आहे हो आपल्याकडं तिच्यावर, मी काही ती विकायला उभी नाही. विश्वासराव, तुम्ही ऐकू नका, तुमची विडी सुटते आहे तोवर ही दुसरी नको. पण ही वस्तू आहे कशी, ते कळल्याशिवाय माझी गोष्ट पुढं सरकत नाही. हाताच्या अंगठ्याहून जरा जाड नळी. खालच्या अंगाला सेल. वर झाकण. झाकण काढलं की आत बारीक तारेचं वेटोळं, पेनातल्या स्प्रिंगेचा तुकडा असावा तेवढं. त्याला कॉइल म्हणतात. आणि त्या वेटोळ्यातून ओवलेला असतो, काय असेल? कापूस. वातच की. कापसाला रस पाजायचा, बटण दाबायचं, तार तापते, रसाची वाफ होते. ती ओढायची. रस वासाचा असतो. सोमूच्या रसाला पिकल्या फणसाचा वास होता.

आरतीला पाहुणे जमलेले. सोमू मागच्या दारी उभा, आणि घरभर फणसाचा घमघमाट. पाहुणे म्हणतात, भाद्रपदात फणस कुठला? एक आतेभाऊ जाऊन बघून आला आणि हसत म्हणाला, "अण्णा, तुमचा मुलगा धूर काढतोय, आगबोट झालाय."

अण्णांना ते हसणं लागलं. मुलाच्या धुराहून लोकांचं हसणं जास्त लागतं, नाही का? ते मागच्या दारी गेले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हे करायचं असेल तर या घरात नको. जा."

सोमूनं काय करावं? ती नळी आणि रसाची बाटली अण्णांच्या टेबलावर ठेवली. व्यवस्थित, उभी. आणि गेला. म्हणजे बघा मंडळी, ज्या वस्तूवरून भांडण, ती घरात राहिली. मुलगा गेला. अण्णांना नेमकं याच्या उलट हवं होतं.

काकू खळ्यापर्यंत धावल्या. सोमू म्हणाला, "आई, ज्यांनी जा म्हटलं ना, त्यांनी ये म्हणू देत. मी येतो."

झालं. एवढंच काम होतं. एक अक्षर. ते दोन वर्षांत झालं नाही.

गावानं विचारलं, सोमू कुठं दिसत नाही? काकू म्हणाल्या, "बोटीवर आहे. तिथं रेंज नसते." पुढच्या गणपतीला विचारलं, "रेंज नसते." हळूहळू गावच सांगायला लागलं एकमेकांना, त्यांच्या सोमूच्या बोटीला रेंज नसते हो. खरं कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना. आरतीला निम्मा गाव हजर होता. पण अशी वाक्यं असतात बघा, सगळ्यांनी मिळून धरलेली. चार बाजूंनी मांडव धरतात तशी. एकानं हात काढला की कोसळेल, म्हणून कुणी काढत नाही.

काकूंनी फोन का केला नाही? केला असता. पण सोमू विचारणार, अण्णांनी करायला सांगितला का? गावाशी खोटं बोलणं त्यांना जमत होतं. मुलाशी जमलं नसतं.

मग काकू काय करायच्या? दुपारी अण्णांचा डोळा लागला की टेबलाशी जायच्या. नळीचं झाकण काढायच्या. नाकाशी धरायच्या. बाटलीचं दाबून फिरवायचं बूच त्यांच्यानं कधी उघडलं नाही. पहिले काही महिने फणस यायचा. सोमूच्या गोधडीतला वास दोन धुण्यांत गेला होता, हा एवढाच उरलेला. पुढं रस घट्ट झाला, काळा पडला. वात करपट. एके दिवशी काकूंनी हुंगलं, आणि नुसती काजळी आली. तरी त्या उभ्या. नाकाशी नळी धरून, कुठंतरी तळाशी असेल म्हणून.

अण्णांचा डोळा लागला नव्हता. डोळा लागत नसतो हो त्या वयात, मिटलेला असतो. त्यांनी पाहिलं.

बोलले काही? नाव नको. पुरुषमाणूस बोलण्याऐवजी दुरुस्ती करतो. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार, काकू शेजारी हळदीकुंकवाला गेल्या, आणि अण्णांनी मोबाइलच्या चार्जरला लावून नळीचा सेल भरून घेतला, मग चष्मा लावून ती उघडली. मोबाइलवर एका पोराचा व्हिडिओ लावला. तो पोरगा इंग्रजीत बडबडत होता, अण्णांनी त्याचा आवाज बंद केला. म्हणाले, "हात बघितला की पुरे."

स्टोव्हच्या पिनेनं जुना कापूस ओढून काढला. मग बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. तार लाल झाली, काळं तडकलं. सेल काढून तेवढा वरचा भाग पाण्यात बुडवला, दातांच्या जुन्या ब्रशनं घासला. त्या पोरानं इथं थांबायला सांगितलं असणार, पण आवाज बंद होता. अण्णांनी आपल्या मनानं चिंच लावली. का, तर समई चिंचेनं उजळते. पस्तीस वर्षांचा हात, तो कुणाचं ऐकतो? धुऊन, पुसून, वाळवून तार लख्ख झाली. काकूंच्या ताटातला कापूस घेतला, पीळ दिला, वेटोळ्यात ठोकून बसवला. स्टोव्हची वात सैल राहिली तर भडका होतो, हे त्यांच्या बोटांना पक्कं ठाऊक. वर तीन थेंब रस.

बटण दाबलं. केस जळल्यासारखा वास आला.

पुन्हा कापूस काढला, पुन्हा तार लाल केली, पुन्हा धुतली. पुन्हा वात, आणखी घट्ट. पुन्हा तीन थेंब. पुन्हा करपट. बाटली डोळ्यांत घालायच्या औषधाएवढी, आणि तळाला आता मोजके थेंब. स्टोव्ह बिघडला तर गिऱ्हाईक परत येतं हो. हा रस संपला तर परत कुठून आणायचा? कुणाला विचारायचं? ज्याला विचारायचं त्यालाच तर जा म्हटलेलं.

काकू परतल्या. दारात उभ्या. टेबलावर पिना, ब्रश, चिंचेची वाटी, कापसाचे जळके बोळे.

"अहो, काय चाललंय?"

"काही नाही. हिचं काजळलं होतं. म्हटलं साफ करावं."

"तुम्ही? ही?"

"यंत्र आहे ते. यंत्रावर माझा राग नाही."

काकू बसल्या. नळी हातात घेतली, वाकून आत पाहिलं. हसल्या जराशा. "किती ठासलाय हो कापूस. बंदूक भरलीत काय?"

"वात घट्टच लागते."

"तुमच्या स्टोव्हची. माझी फुलवात बघा." ताटातली एक उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. "पोटात पोकळ असते. जागा असते म्हणून तूप चढतं. तुम्ही दाबून टाकलीत, मग रस वर येणार कुठून? कोरडीच जळायची ती."

बोलता बोलता काकूंच्या लक्षात आलं, आपण कापसाबद्दल बोलत नाही. अण्णांच्याही लक्षात आलं. दोघंही त्या फुलवातीकडं बघत बसली.

इथं माझी एक ओवी आहे. पोथीत शोधू नका, घरची आहे:

दाबून बसविली वात, रस न चढे तियेत,
आपणचि जळे आत, उजेड नाही.

मग अण्णा हळू आवाजात म्हणाले, "हे असलं ओढायचं कशाला पण त्यानं?"

काकूंनी दोन वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. "त्या दिवशी मीही विचारलं होतं. म्हणाला, आई, आठ महिने चहूकडं पाणी. एका बंदरात हा वास मिळाला. ओढलं की आपलं परसदार दिसतं, आणि फणस फोडताना अण्णा हाताला तेल लावतात ते दिसतं."

अण्णांनी जुनी वात काढली. तार लाल केली, धुतली, नुसत्या पाण्यानं. काकूंनी कापूस पिंजून दिला, विरविरीत, ढगासारखा. अण्णांनी तो ओवला. बोटं सवयीनं दाबायला गेली, तशी काकूंनी वरून हात धरला. "राहू दे. सैलच राहू दे." बाटली उलटी केली. एक थेंब. दुसरा. तिसरा अर्धाच. काकू म्हणाल्या, "थांबा. पिऊ दे तिला." थांबले. घड्याळ बघितलं नाही कुणी.

मग अण्णांनी बटण दाबलं.

ओढावं लागत नाही हो. झाकण उघडं असलं की उदबत्तीसारखी वाफ वर येते. आली. आणि पडवीत फणस पिकला. मार्गशीर्षात! कापा फणस, नुकता फोडलेला, हातांना तेल लावलेला. काकूंनी डोळे मिटले. अण्णा बटणावरचा अंगठा काढीनात.

कुंपणापलीकडं शेवंताक्का राहतात. त्यांच्या हातातला झाडू थांबला. तिथूनच हाक आली, "काकू, फणसाचा वास कसला गो?" आणि मग, आवाज उजळून, "सोमू आला काय?"

काकूंनी डोळे उघडले. सवयीनं तोंडातून निघालं, "नाही गो. बोटीवर आहे. तिथं रेंज..."

पुढचं वाक्य निघेना. वाफ विरत चालली होती. अण्णा उठले. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला. दोन वर्षांत ते नाव त्यांनी उघडलं नव्हतं, तरी शोधावं लागलं नाही.

आता फोन लागेपर्यंत मंडळी, मी तुमच्याकडं वळते. मघाच्या बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं? तार टाकावी लागत नाही. ती लाल होईपर्यंत तापायला तयार असली, तर काजळी तडकून पडते. कापूस मात्र नवा लागतो, आणि सैल लागतो. आणि रस? रस तेवढा आपल्या हातात नसतो. बाटलीत किती उरलाय हे कुणाला माहीत नसतं, आणि आपण तो घट्ट वाती बसवून करपवत बसतो. इथं बसलेल्यांत असा एकतरी असेल, ज्याच्या घरी त्या रेंजसारखं एक वाक्य आहे. त्याला नोकरीत सुट्टी मिळत नाही. तिला सासरहून यायला जमत नाही. त्यांचा नंबर बदलला वाटतं. आहे ना? मला सांगू नका. हात वर करू नका. घरी गेल्यावर तुमचं तुम्ही बघा. मी बघते माझं.

फोन वाजत होता. काकूंनी दाराची चौकट धरलेली. कुंपणाशी शेवंताक्का, झाडू तसाच हातात.

फोन उचलला गेला. पलीकडं नुसता वारा, आणि लांबवर कुठंतरी भोंगा.

अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले, कुंपणापलीकडं, गावाला.

"सोमू, रेंज होती रे. रोज होती. मीच तुला जा म्हणालो होतो."