गोदाबाईच्या पाटीत घुसलेले दोन अँप

पुन्हा सांगू? अख्ख्या लोधीपुऱ्याला पाठ झालंय, तरी जो येतो तो म्हणतो, "सुकलालभाऊ, एकदा ऐकवा ना!" माझी काय टेप लावलीय? बरं, बसा. पण मधे दात काढायचे नाहीत. तुम्हाला सांगतो, मी काही महाल मागितला नव्हता भो... एक जिलेबी मागितली होती, एक!

खायची नाही हो! दुकानांच्या पाट्यांवर दोन भावांच्या नावांमधे वेटोळं घालून बसलेली असते ना... &... ती! तीस वर्षांमागं केळीच्या गाडीवर पेंटरनं रंगवलं होतं, 'गोदाबाई & सुकलाल'. आमची गोदा, बायको हो माझी, गाडी धुवायची तर आधी ती जिलेबी पुसायची. बाकी गाडी चिखलात मरू द्या! गेल्या वर्षी पौषात गेली ती. मग समाजाच्या हॉलपुढं तिच्या नावानं प्याऊ बांधला, पाण्याची पक्की टाकी, अन् ठरवलं की पाटीवर तस्संच कोरायचं, वर्षश्राद्धाला पडदा ओढायचा. काय चुकलं?

पण हल्ली समाजाचा सगळा कारभार वेबसाइटवर! नाव तिथं भरायचं, तिथली यादी छापून मिस्त्रीकडं जाणार. अन् वेबसाइट बनवली कोणी? आमच्या जावयानं! प्रतिभाचा नवरा, धर्मेंद्र, सिंधीपुऱ्यात कंप्यूटर क्लास आहे त्यांचा. दुसरा असता तर चप्पलच काढली असती, पण जावयावर ओरडता येतं का? पोरगी तिकडं नांदतेय!

नाव भरलं. बघतो तर काय... 'गोदाबाई & सुकलाल'! जिलेबीला 'अँप' असं इंग्रजी शेपूट!

"बाबूजी, टेन्शन मत लो," जावईबापू म्हणाले. "कंप्यूटरला ते चिन्ह दिसलं की वाटतं, हुकूम आला. म्हणून पुडीत बांधून पाठवायचं, तिकडं पोचलं की पुडी सोडायची. माझ्याकडनं दोनदा बांधलं गेलं, एकदाच सुटलं."

अरे, एका जिलेबीला दोन पुड्या? तर मलाच शिकवायला लागले! "एचटीएमएलमधे अशी पुडी, पायथॉनमधे अवतरणचिन्हाआधी उलटी तिरपी रेघ, डेटाबेसमधे तेच चिन्ह दोनदा लिहायचं..." सोवळं आहे की काय हे? दर घरी वेगळं! अन् मी मागितली होती एक जिलेबी!

"करतो ठीक," म्हणाले. केलं! दुसऱ्या दिवशी... '&amp;'!

"जावईबापू, वाढलं की हो!"

"छापताना सेफ्टीसाठी अजून एकदा बांधलं, बाबूजी. आज काढतोच, पक्का!"

काढलं हो, खोटं कशाला बोलू? पण तोवर यादी गेली वसंत मिस्त्रीकडं, अन् त्यानं संगमरवरात कोरून पाटी टाकीवर बसवूनही टाकली!

"मिस्त्री, डोळे कुठं गहाण टाकले होते?"

"भाऊ, मागं एकाच्या नावापुढची इंग्रजी अक्षरं गाळली, तर ती त्याची डिग्री निघाली. कमिटीनं दुसरी फरशी फोकट कोरून घेतली. तेव्हापासनं कागदावर आहे ते कोरतो. अक्कल घरी ठेवून येतो."

मी मागितली काय? एक जिलेबी... जाऊ द्या.

वर्षश्राद्ध आलं. पाटी बदलावी तर ती टाकीच्या सिमेंटातच बसलेली, उचकटली की टाकी फुटणार! पडदा ओढला. शेजारच्या मालतीवहिनी चष्मा सावरून म्हणतात, "भाऊजी, गोदाताईंच्या अन् तुमच्या मधे हे दोन अँप कोण हो?" सगळा समाज फिदीफिदी! अन् जावईबापू काय करतात? मोबाइल नाचवत येतात, "बाबूजी, देखो, वेबसाइटवर एकदम करेक्ट येतंय!" अरे, वेबसाइटवर कोण पाणी प्यायला येतं? तोंडात शिवी आली होती, दातापर्यंत! तेवढ्यात प्रतिभानं माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं... गिळली.

आता रोज सकाळी झेंडूचा जाडजूड हार घेऊन जातो अन् बरोब्बर मधला भाग झाकतो. पाणी भरणाऱ्या बाया म्हणतात, "केवढं प्रेम! आमच्या यांना दाखवा कोणीतरी!" काय सांगू त्यांना? जिवंतपणी गोदाला एक गजरा आणला नाही मी. आता रोज ताजा हार... तोही तिला नाही, त्या दोन अँपांना! अन् ज्यानं त्यांना आमच्या संसारात आणून बसवलं, त्यानं अजून माफीचा एक शब्द काढलेला नाही. नाव? धर्मेंद्र. सिंधीपुरावाले. आमचे जावईबापू!